चौथी रेघ

लॉगबुकच्या पहिल्या पानावर मी लिहिलं होतं:
प्रकल्प – दवाखान्यात वाट दाखवणे.
साहित्य – ऑइलपेंटचे तीन डबे, ब्रश, सुतळी, खडूची भुकटी,
टर्पेंटाईन, आईचं जुनं पातळ.

लांजेवार मॅडम म्हणाल्या, राष्ट्रपती पुरस्कार आहे, झाडं लाव,
झाडांचे फोटो छान येतात.
मी म्हटलं, मे महिन्यात? नागपुरात?
त्या हसल्या आणि सही केली.

मेडिकलच्या व्हरांड्यात तेव्हा
गडचिरोलीची, बालाघाटची, पांढुर्ण्याची माणसं
केसपेपर धरून फिरत,
परक्या घरी पाणी पिऊन झाल्यावर
रिकामा पेला कुठे ठेवावा
हे न कळल्यासारखी.
पाट्या होत्या, भिंतभर होत्या.
ज्याला वाचता येतं त्यालाच त्या दिसत.

म्हणून लाल रेघ एक्स-रेकडे,
पिवळी रक्त द्यायला,
निळी औषधाच्या खिडकीशी.
भुकटी फासलेली सुतळी दोन टोकांना दोघींनी ताणायची,
मधून उचलायची, सोडायची – टप्‌ –
फरशीवर सरळ पांढरी खूण.
(बाबा गवंडी. ही टप्‌ त्यांची.)
पहाटे चार ते सात, ओपीडी उघडायच्या आत.
सातनंतर फाटकाबाहेर तर्री-पोहे,
आणि गिरजाबाई झाडू टेकवून:
'ह्या रेघा पुसाच्या का ठेवाच्या, लिहून दे ना व.'

पहिल्याच दिवशी एक म्हातारी
पिवळीवरून निघाली, पावलापुढे पाऊल,
धुऱ्यावरून चालावं तशी.
समोरून स्ट्रेचर आलं, ती उतरली नाही.
स्ट्रेचर थांबलं.
त्या रात्री मी लॉगबुकात दीड पान लिहिलं.

मग तो माणूस.
शेहेचाळीस अंशांची दुपार, मी डबे मोजायला आलेली,
त्याच्या खांद्यावर दुपट्टा, चपला हातात.
'पोरी, निळी औषधाची, थे समजलं.
मेलेल्या माणसाले कोन्त्या रेघीनं नेते?'

आमचं ब्रीद एकच शब्द आहे: तयार.
मी नव्हते.
डब्याचं झाकण तसंच ठेवलं, म्हटलं, चला.
धोबीघाटामागून, वाळत्या चादरींच्या खालून,
वाकून, वाकून.
मध्येच त्यानं विचारलं, कोन्त्या गावची?
इथलीच.
'बरं हाय. घर जवळ हाय तुयं.'

खिडकीतल्या बाबूनं विचारलं, नातं?
तो म्हणाला, घरची.
घरची म्हणजे कोण?
मी म्हटलं, बायको. बायको लिहा.
तेवढंच माझं काम झालं तिथे.

निघताना त्यानं हात पुढे केला.
माझा उजवा रंगानं चिकट, म्हणून डावा दिला.
डाव्या हातानं हात मिळवायची रीत आम्हा गाईडची,
त्याला कुठे ठाऊक.
त्यानं दोन्ही हातांत धरला
आणि बराच वेळ सोडायचं विसरला.

पचमढीच्या शिबिरात परीक्षकांनी विचारलं,
एकूण तास? मी म्हटलं, एकशे बारा.
ती चाळीस मिनिटं त्यात नाहीत.
कुठल्या रकान्यात घालायची ते सुचलं नाही,
की सुचूनही घातली नाहीत, आता आठवत नाही.
सर्टिफिकेट आईनं लॅमिनेट करून
रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलंय.
पावसाळ्यात तेच सगळ्यात आधी उंचावर जातं.

परवा सहज गेले होते.
फिनाईलनं लाल पार गुलाबी,
पिवळी अर्ध्या वाटेत संपलेली.
निळी मात्र ताजी, जरा वाकडी.
'मीच मारली,' गिरजाबाई म्हणाली,
'हात थरथरते आता. लय वाकडी झाली का?'
नाही.
आणि तिकडची वाट विचारतात का कोणी?
'इचारते ना. मंग मी जातो संग.'

बोलता बोलता तिनं बादली पुढे सरकवली,
माझ्या बुटाशी आलेली निळी रेघ सोडून
आजूबाजूचं पुसलं,
आणि म्हणाली, पाय उचल.